उत्तरेच्या प्रकाशाचे हिशेबनीस

माझे लहानपण अलिबागला गेले. वडील तिथल्या चुंबकीय वेधशाळेत नोकरीला होते. वेधशाळा म्हटले की लोकांना दुर्बीण आठवते. अलिबागला दुर्बीण नव्हती. होत्या त्या अंधाऱ्या खोल्या, त्यांत टांगलेले छोटे चुंबक आणि फोटोच्या कागदावर रात्रंदिवस उमटत जाणारी एक बारीक रेघ. आत जाताना वडील किल्ल्या, चाकू, छत्री सगळे बाहेर ठेवत, कारण लोखंडाच्या एवढ्याशा तुकड्यानेही आतले चुंबक बिचकतात. रोज रेघ सरळ येई. एखाद्या दिवशी मात्र ती भूकंप झाल्यासारखी वेडीवाकडी येई. त्या दिवशी वडील जेवताना म्हणत, "आज उत्तरेकडे दिवाळी असणार."

उत्तरेकडे म्हणजे कुठे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. आणि ती दिवाळी डोळ्यांनी बघायला मी गेलो तो वयाच्या सत्तरीत, २०२५ च्या फेब्रुवारीत. वडील तेव्हा नव्हते.

मुलगी इंग्लंडमध्ये असते. तिने आम्हा दोघांचे एका बोटीचे तिकीट काढले. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून निघायचे, नॉर्वेच्या किनाऱ्याने वर वर जायचे, ट्रोम्सो आणि आल्टा ही गावे करून परत यायचे. भर थंडीत समुद्रावर कशाला, असे तुम्ही विचाराल. तर उन्हाळ्यात तिथे रात्रच होत नाही, आणि ध्रुवीय प्रकाश, ज्याला आता सगळे नॉर्दर्न लाइट्स म्हणतात, तो दिसायला अंधार लागतो. बोटीवर अडीच हजार माणसे होती. निम्मी माझ्यासारखी, गुडघे धरून जिना चढणारी. आल्टा बंदरातून रात्री बसने आत डोंगरांकडे नेण्याची सहल होती. तिच्या तिकिटावर खाली बारीक अक्षरांत छापले होते, की प्रकाश दिसेलच याची हमी नाही.

त्या बारीक अक्षरांवरून आमच्या टेबलावर रोज वाद होई. पैसे घेता तर दाखवा, असा एका गृहस्थांचा मुद्दा. मला मात्र वाटत होते, की या किनाऱ्याला हमी ही गोष्टच कधी माहीत नव्हती. आज मला सांगायचे आहे ते त्याबद्दलच.

नॉर्वेच्या या किनाऱ्याने हिवाळ्यात बोट चालवता येते, हेच मुळी सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी कोणाला पटत नव्हते. गल्फ स्ट्रीम या उबदार प्रवाहामुळे तिथला समुद्र गोठत नाही, हे खरे. पण किनारा म्हणजे हजारो बेटे, खडक, अरुंद खाड्या. ट्रॉनहेमच्या उत्तरेला तेव्हा अवघी २८ दीपगृहे होती. हिवाळ्यात तर सूर्य आठवडेच्या आठवडे उगवत नाही. ट्रोम्सोमध्ये नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो क्षितिजाच्या वर येत नाही. अशा काळोखात रात्रीची बोट कोण हाकणार? परिणाम असा, की दक्षिणेकडून हामरफेस्टला टाकलेले पत्र उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी पोचे आणि हिवाळ्यात पाच-पाच महिने लागत. मुलगा गेल्याचे पत्र आईला मिळेपर्यंत बर्फ वितळून जाई.

नॉर्वेच्या सरकारने बोटींच्या कंपन्यांना विचारले, वर्षभर टपाल नेता का? मोठ्या कंपन्यांनी नकार दिला. वेस्टरोलेन बेटांवरची एक लहान कंपनी तयार झाली. तिचे कप्तान होते रिकार्ड विथ. विथ यांच्याजवळ नवे यंत्र काही नव्हते. त्यांच्याजवळ एक वही होती. ते आणि त्यांचे वाटाडे आंदर्स होल्टे यांनी कित्येक फेऱ्यांत होकायंत्राची दिशा, बोटीचा वेग आणि या खडकापासून त्या वळणापर्यंत लागलेली मिनिटे टिपून ठेवली होती. म्हणजे डोळे मिटले तरी घड्याळ आणि होकायंत्र यांवर बोट नेता येईल. २ जुलै १८९३ रोजी त्यांची 'वेस्टरोलेन' ही आगबोट ट्रॉनहेमहून हामरफेस्टकडे निघाली. या सेवेला नाव पडले हुर्टिग्रुटेन, म्हणजे जलद मार्ग. महिन्यांचे टपाल दिवसांवर आले. ही सेवा आजही चालू आहे. बर्गनपासून रशियाच्या सरहद्दीजवळच्या किर्केनेसपर्यंत जाऊन-येऊन बारा दिवस आणि वाटेत ३४ बंदरे. दुसऱ्या महायुद्धात यातल्या कित्येक बोटी बुडाल्या. 'रिकार्ड विथ' याच नावाची एक बोट १९४१ मध्ये पाणतीराने बुडाली, आणि तीतली बहुतेक माणसे तिच्याबरोबर गेली.

आमची बोट त्याच वाटेने चालली होती. आत गरम पाण्याचा हौद होता आणि रात्री गाण्यांचा कार्यक्रम. वाटाड्याची ती वही आता उपग्रहाच्या पडद्यात गेली आहे. पण मला एक गोष्ट सारखी जाणवत होती. अंधारात कोणीतरी आकडे लिहून ठेवले, म्हणून बाकीच्यांना प्रवास करता आला. दिव्यांच्या अभ्यासाची गोष्टही अगदी अशीच आहे.

आल्टाला आम्ही दुपारी पोचलो. बंदरावर आलेली तिथली गाइड मुलगी विशीतली असेल. तिने खाडीपलीकडे बोट दाखवले. "तो गोल माथ्याचा पांढरा डोंगर दिसतो ना, तो हाल्दे. जगातली नॉर्दर्न लाइट्ससाठी बांधलेली पहिली कायमची वेधशाळा तिथे आहे." बहुतेकांनी एक फोटो काढला आणि बसमध्ये चढले. मी जरा मागे रेंगाळलो.

हाल्दे समुद्रसपाटीपासून ९०० मीटरवर आहे. उंची आपल्या माथेरानपेक्षा थोडीच जास्त. पण माथेरानला बर्फाचे वादळ होत नाही. या डोंगरावर १८९९ च्या हिवाळ्यात क्रिस्तियान बिर्केलांड हे ऑस्लोचे, म्हणजे तेव्हाच्या क्रिस्तियानियाचे, बत्तीस वर्षांचे प्राध्यापक मूठभर माणसे घेऊन राहिले. त्यांचे म्हणणे असे, की हा प्रकाश सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांमुळे पडतो. पृथ्वी हा मोठा चुंबक आहे, तो त्या कणांना ध्रुवांकडे ओढतो आणि ते वातावरणावर आदळले की हवा उजळते. हे त्यांनी १८९६ मध्ये मांडले तेव्हा विज्ञानातली मोठी माणसे मानायला तयार नव्हती. त्याच्या चारच वर्षे आधी, १८९२ मध्ये, लॉर्ड केल्व्हिन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीत हिशेब मांडून सांगितले होते, की सूर्यामुळे पृथ्वीवर चुंबकीय वादळे होणे शक्य नाही. केल्व्हिन यांच्या शब्दापुढे कोण बोलणार?

बिर्केलांड यांनी वाद घातला नाही. ते मोजायला गेले. आधीच्या एका मोहिमेत वादळात सापडून ब्यॉर्न हेलान-हान्सेन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याची बोटे हिमदंशाने गेली. त्याला शल्यचिकित्सक व्हायचे होते. ते राहिले. पुढे तो समुद्रशास्त्रात मोठा झाला, ही त्याची जिद्द. हाल्देवरच्या पहिल्याच हिवाळ्यात एलिसार बॉये हा तरुण सहकारी हिमलोटात गाडला गेला. हे सगळे कशासाठी? दोन शिखरांवरून एकाच वेळी प्रकाश बघून त्याची उंची काढायची आणि चुंबकाची सुई किती हलते ते लिहायचे, एवढ्यासाठी. आणि उंची तर त्यांना मिळालीही नाही. दोन शिखरांमधले अंतर फार कमी पडले. पुढे १९१० मध्ये कार्ल स्टर्मर यांनी आल्टाजवळच बोसेकॉपला दोन ठिकाणी कॅमेरे लावले, मध्ये टेलिफोनची तार टाकली, एकाच क्षणी छायाचित्रे घेतली आणि उंची काढली. प्रकाशाची खालची कड साधारण १०० किलोमीटरवर असते. म्हणजे डोंगरावर चढून तो जवळ येत नाही. मुंबई ते लोणावळा एवढे अंतर सरळ डोक्यावर उभे करा, तिथे तो असतो.

१९०२-०३ मध्ये बिर्केलांड यांनी नॉर्वे, आइसलँड, स्पिट्सबर्गेन आणि नोवाया झेमल्या अशा चार ठिकाणी ठाणी बसवली. जगभरच्या वेधशाळांच्या नोंदी मागवून आपल्या नोंदींशेजारी ठेवल्या. प्रयोगशाळेत एका काचेच्या निर्वात पेटीत चुंबकाचा गोळा टांगून त्याच्यावर कणांचा झोत सोडला, तर गोळ्याच्या दोन्ही टोकांभोवती प्रकाशाची कडी उमटली. खेळण्यातल्या पृथ्वीवर खेळण्यातले नॉर्दर्न लाइट्स! पण या सगळ्याला पैसा लागे. त्यासाठी त्यांनी विजेच्या चुंबकांवर चालणारी तोफ बनवली. मार्च १९०३ मध्ये मोठ्या लोकांसमोर तिचे प्रात्यक्षिक केले, तर तारा एकमेकींना लागून अशी ठिणगी उडाली की सभागृहात पळापळ झाली. तोफ बुडाली. पण तसल्याच विजेच्या ज्वाळेत हवेतला नायट्रोजन पकडता येतो, हे त्यांनी आणि सॅम एडे या इंजिनिअरने सिद्ध केले. त्यातून १९०५ मध्ये नॉर्स्क हायड्रो ही खतांची कंपनी उभी राहिली. आकाशातल्या दिव्याचा पाठलाग करणाऱ्या माणसाने शेतकऱ्याला खत मिळवून दिले आणि त्याचे पैसे पुन्हा त्या दिव्यावरच खर्च केले.

शेवट मात्र फार उदास आहे. झोप उडाली, प्रकृती ढासळली, संसार मोडला. १९१७ च्या जूनमध्ये टोकियोतल्या एका हॉटेलच्या खोलीत, झोपेच्या औषधाची फार मोठी मात्रा पोटात गेलेली, असे ते मृत सापडले. वय पन्नाससुद्धा नाही. त्यांच्यामागे सिडनी चॅपमन या ब्रिटिश गणितज्ञांचे मत चालले, आणि त्यात बिर्केलांड यांच्या आकाशातून येणाऱ्या प्रवाहांना जागा नव्हती. जवळजवळ पन्नास वर्षे ती कल्पना अडगळीत पडली. मग १९६६ च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या एका उपग्रहाच्या नोंदींत ते प्रवाह सापडले. आज त्यांना बिर्केलांड प्रवाह म्हणतात. त्यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. कण सूर्याकडून थेट येऊन आदळत नाहीत. सूर्याकडून येणारी ऊर्जा आधी पृथ्वीच्या चुंबकीय शेपटीत साठते आणि मग एकदम मोकळी होते. पण मूळ सूत्र त्यांचेच. नॉर्वेने १९९४ मध्ये त्यांना दोनशे क्रोनरच्या नोटेवर बसवले. २०१७ मध्ये नवी नोट निघाली. तिच्यावर कॉड मासा आहे. मला यात अपमान दिसत नाही. त्या किनाऱ्याने जगायला मासा आणि बघायला प्रकाश, दोन्हींचे ऋण मानले.

हाल्देवर १९१२ पासून कायमची वस्ती झाली. ओले क्रोगनेस आणि ओलाफ देविक हे शास्त्रज्ञ बायकामुलांसह तिथे राहिले. मला त्या बायकांचे फार वाटते. महिनोन् महिने काळोख, दाराबाहेर वारा, लहान मूल आजारी पडले तर डॉक्टर डोंगराच्या पायथ्याशी, खाडीपलीकडे. पण तिथूनच खाली मच्छीमारांना वादळाचे इशारे जाऊ लागले. होडी घेऊन जाणाऱ्या माणसाला दिव्यांच्या अभ्यासाचा झालेला हा रोकडा उपयोग. पुढे हे काम ट्रोम्सोला गेले. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने सारा फिनमार्क प्रांत जाळला, त्यात हाल्देही जळाले. हामरफेस्टमध्ये तर एक छोटे चर्च तेवढे उभे राहिले. भिंती राहिल्या त्यावर वेधशाळा पुन्हा नीट केली ती बऱ्याच वर्षांनी.

आता आमच्या सहलीकडे येतो. रात्री नऊला बस निघाली. किनाऱ्यावर ढग होते, म्हणून आत, जिथे हवा कोरडी असते तिकडे गेलो. सामी लोकांच्या तंबूसारखा एक तंबू, मध्ये शेकोटी, हातात गरम कॉफी. सामी म्हणजे तिथले मूळचे, रेनडिअर पाळणारे लोक. त्यांच्यात जुनी समजूत आहे, की या प्रकाशाला हात हलवून किंवा शीळ घालून डिवचू नये, तो खाली येऊन माणसाला उचलून नेतो. गाइड मुलगी म्हणाली, "माझी आजी अजून घरात घेते आम्हाला." मला आमच्याकडचे ग्रहण आठवले.

दहा वाजले, साडेदहा वाजले. आकाश काळे. हमीवाले गृहस्थ बसमध्ये जाऊन बसले. माझी बायको म्हणाली, "तुमच्या बाबांनी आयुष्यभर वाट बघितली, तुम्हाला दीड तास होत नाही?" मी गप्प उभा राहिलो. अकरा वाजून वीस मिनिटांनी उत्तरेला डोंगराच्या माथ्यावर एक फिकट पट्टा दिसला. मला तो ढगच वाटला. शेजारच्या मुलीने मोबाइल वर धरला, तर पडद्यावर हिरवागार! खरी गोष्ट अशी, की अंधुक उजेडात आपल्या डोळ्याला रंग नीट कळत नाहीत, कॅमेऱ्याला कळतात. म्हणून चित्रे बघून गेलेल्यांची निराशा होते. पण मग तो पट्टा उजळला, हलला आणि पडदा वाऱ्याने सरकावा तसा डोक्यावरून गेला. आता डोळ्यांनाही हिरवा दिसला, खालच्या कडेला थोडा गुलाबी. हिरवा तो ऑक्सिजनचा, गुलाबी नायट्रोजनचा. सात-आठ मिनिटे. मग पुन्हा अंधार. हमीवाले गृहस्थ धावत आले तोवर संपले होते.

मी वेळ डायरीत लिहिली. सवय.

परतीच्या वाटेवर मला कुलाबा आठवत होता. कारण ही गोष्ट नॉर्वेत सुरू होते आणि मुंबईत येते. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून चुंबकाच्या नोंदी होत. २ सप्टेंबर १८५९ ला तिथल्या माणसांनी दिवसाउजेडी सुई अशी कोसळताना पाहिली, की तशी त्यापूर्वी कोणी पाहिली नव्हती. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक लखलखाट बघितला होता. त्याचाच हा धक्का. इतरत्र तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या, आकाश लाल झाले. मुंबईत सकाळ होती, त्यामुळे आकाशात काही दिसणे शक्यच नव्हते. पण कुलाब्याच्या माणसांनी डोळे सुईवरून काढले नाहीत. दर काही मिनिटांनी वाचन, आणि आकडा वहीत. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या महावादळाची ताकद मोजायची ठरवली तेव्हा त्यांना आधार मिळाला तो कुलाब्याच्या या वहीचा. सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण! आज विजेच्या जाळ्यांना, उपग्रहांना अशा वादळाचा धोका किती, हे ठरवताना तो आकडा समोर ठेवतात. तो लिहिणाऱ्या माणसांची नावे मात्र आपण विसरलो.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याचे चुंबक बिघडणार हे उघड होते. तेव्हा नानाभाई मूस हे कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक. त्यांच्या काळात १९०४ मध्ये अलिबागची वेधशाळा सुरू झाली. दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे साखळी तुटू नये. मग १९०७ मध्ये ट्राम धावली. मूस यांनी कुलाब्याच्या साठ वर्षांच्या नोंदींचा अभ्यास १९१० मध्ये दोन खंडांत छापला. हाल्देच्या माथ्यावर बर्फात बसलेली माणसे आणि अलिबागच्या नारळीत घामाने भिजत बसलेली माणसे एकाच सूर्याचा हिशेब ठेवत होती.

असा प्रकाश आपल्याकडे कधी दिसला नाही का? ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मुंबईहून तो दिसल्याची बातमी त्या वेळी छापून आली होती. आणि १० मे २०२४ च्या रात्री लडाखमध्ये हान्लेच्या आकाशात लाली पसरली, तिची छायाचित्रे आपण सगळ्यांनी पाहिली. त्या दोन्ही रात्री इकडे आमच्या भागातली रेघही वाकडीतिकडी झालीच असणार.

वडिलांनी तीस वर्षे ती रेघ सांभाळली. शेजारी विचारत, "तुम्ही नक्की करता काय?" त्यांना सांगता येत नसे. रजा घेऊन कधी लांब गेले नाहीत. उत्तरेची दिवाळी त्यांनी पाहिली ती फक्त कागदावर, आणि तीही उलटून गेल्यावर, कागद धुतला की.

घरी आल्यावर मी डायरी काढली. आल्टाला रात्रीचे अकरा वाजून वीस मिनिटे, म्हणजे अलिबागला पहाटेचे तीन वाजून पन्नास. त्या वेळी तिथेही सुई थोडी तरी हलली असेल आणि सकाळी कामावर आलेल्या कोणीतरी ते बघितले असेल. वडील असते तर जेवताना म्हणाले असते. मला या वेळी त्यांना सांगता आले असते, की हो, मी तिथेच होतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)